इटलीतल्या सपाट प्रदेशात शांत रस्त्यांवर सायकल चालवायची तर कुठे आणि कशी?

तुम्ही विचारलंय की पन्नाशीतल्या दोघांना इटलीत चार दिवस सायकल चालवायची आहे, पुण्याजवळ रविवारी ४०-५० किमीची सवय आहे, चढ नकोत आणि गाड्यांचा गोंगाटही नको. माझं उत्तर: उत्तर इटलीतल्या फेर्रारा शहरात मुक्काम करा आणि पो नदीचा उजवा बांध धरा. तोस्कानाचे (टस्कनीचे) फोटो सुंदर असतात, पण तिथला जवळजवळ प्रत्येक सुंदर रस्ता चढाचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. पो नदीचं मैदान सपाट आहे, म्हणून ते आपोआप शांत आहे असं नाही. इटलीतली बरीच शेती आणि कारखाने याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे सरळसोट मुख्य मार्गांवर ट्रक भरधाव जातात आणि कडेला पट्टा बऱ्याचदा नसतोच. नकाशात 'एसएस' म्हणजे राष्ट्रीय मार्ग; ते टाळाच. रिमिनीहून पिआचेन्झाकडे जाणारा व्हिया एमिलिया म्हणजे एसएस ९, आणि राव्हेन्नाहून व्हेनिसकडे जाणारा रोमेआ म्हणजे एसएस ३०९, हे दोन तर सायकलसाठी नाहीतच असं समजा. 'एसपी' म्हणजे प्रांतीय रस्ते. त्यातले काही चालतात, काही नाही. शांतता मिळते ती दोन ठिकाणी: गावांना जोडणाऱ्या अरुंद रस्त्यांवर आणि नदीच्या बांधावर.

बांधाला तिथे आर्जिने म्हणतात. पुरापासून संरक्षणासाठी घातलेले हे मातीचे बांध काही ठिकाणी दोन मजली घराइतके उंच आहेत आणि माथ्यावरून रस्ता जातो. फेर्रारा प्रांतातल्या उजव्या बांधावरचा मार्ग 'देस्त्रा पो' नावाने ओळखला जातो. तो स्तेल्लातापासून समुद्राजवळच्या गोरिनोपर्यंत सव्वाशे किमीच्या आसपास आहे. बहुतेक भाग डांबरी आहे. काही तुकडे गाड्यांना बंद आहेत, काहींवर तिथल्या शेतकऱ्यांच्या गाड्या येतात. गावं बांधाच्या खाली, जमिनीच्या बाजूला असतात, त्यामुळे वरून चर्चचा मनोरा दिसला की पुढचा उतार शोधायचा. पाणी, कॉफी, दुकान, सगळं खाली. नदी वळते तसा बांधही वळतो, म्हणून नकाशावर १५ किमी दिसणारं अंतर प्रत्यक्षात २०-२२ किमी भरतं. दिवसाचं नियोजन बांधावरच्या अंतरानेच करा.

पाट्यांकडे लक्ष द्या. लाल कडेचा पांढरा रिकामा गोल म्हणजे सर्व वाहनांना बंदी, त्यात सायकलही आली. त्याखाली 'एच्चेत्तो बिची' असं लिहिलं असेल तर सायकलला मोकळीक. बांध आणि नदीच्या मधला पट्टा म्हणजे गोलेना. तिथे ओळीत लावलेले पॉप्लर असतात आणि सावलीही मिळते, पण रस्ते मातीचे. पावसानंतर तो चिकणमातीचा गाळ मडगार्डमध्ये असा भरतो की चाक फिरत नाही. नदीला पाणी जास्त असेल तर गोलेनात उतरूच नका. पो नदीला मोठं पाणी वसंताच्या अखेरीस आणि शरद ऋतूत येतं.

हंगाम म्हणाल तर १५ एप्रिल ते ५ जून, किंवा पूर्ण सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांपर्यंत चढतो, हवा दमट असते, बांधावर झाड नाही आणि संध्याकाळी डासांचे थवे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धुकं इतकं दाट पडतं की ट्रॅक्टरवाल्याला तुम्ही दिसणार नाही.

चार दिवस असे बसवा. पहिल्या दिवशी सायकल घ्या, फेर्राराच्या तटबंदीभोवतीची सुमारे ९ किमीची फेरी मारा आणि नदीकाठच्या पोन्तेलागोस्कूरोला बांधावर जाऊन परत या. एवढ्यात सीटची उंची आणि ब्रेक नीट आहेत का ते कळतं. दुसऱ्या दिवशी पोन्तेलागोस्कूरोहून नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला, स्तेल्लातापर्यंत. तिथे नदीकाठी जुना किल्ला आहे. मग बोन्देनो आणि तिथून बुराना कालव्याच्या सायकलमार्गाने फेर्रारा. ही फेरी ५५-६० किमी होते. दमलात तर बोन्देनोला रेल्वे स्टेशन आहे.

तिसरा दिवस लांब: फेर्रारा ते मेझोला, ७५ किमीच्या आसपास. मेझोलाला फेर्राराच्या एस्ते घराण्याने सोळाव्या शतकात बांधलेला वाडा आहे. ७५ जास्त वाटत असेल तर बेर्रा-सेर्रावाल्ले भागात शेतावरच्या घरी मुक्काम करून तो टप्पा तोडा. या दिवशी सकाळी सातला निघाच. निरभ्र दिवसांत दुपारकडे समुद्रावरून वारा सुटतो आणि तुम्ही नेमके समुद्राकडे जात असता. सपाट प्रदेशात घाट नसतो, पण समोरचा वारा ताशी १८ किमीचा वेग १३ वर आणतो, आणि उतार नसल्यामुळे पाय थांबवून विश्रांतीही मिळत नाही. वारा लागला की गियर हलका करा, पॅडलचे मिनिटाला ८० च्या आसपास फेरे ठेवा, दोघांनी आळीपाळीने पुढे राहा. दर २० मिनिटांनी हँडलवरची पकड बदला आणि क्षणभर उभं राहून पॅडल मारा, नाहीतर दोन तासांत हाताची बोटं बधिर होतात. तळहातावर सलग एकाच जागी दाब राहिल्याने हे होतं. पुण्यात सिंहगड रस्त्याला चढ-उतारामुळे तुम्ही आपोआप हलता, इथे ते मुद्दाम करावं लागतं.

चौथ्या दिवशी मेझोला-गोरिनो-गोरो-पोम्पोसा-कोदिगोरो, साधारण ५० किमी. त्रिभुज प्रदेशाचा हा भाग माझ्या मते सगळ्यात सुंदर: भातशेती, खाजणं, बगळे आणि गोरिनोजवळ होड्यांवर तरंगणारा पूल. पोम्पोसाच्या मठाचा मनोरा सुमारे ४८ मीटर उंच असून तो १०६३ मध्ये उभा राहू लागला. पण मठ रोमेआच्या अगदी काठावर आहे. तो रस्ता फक्त ओलांडायचा, त्यावरून शंभर मीटरही चालवू नका. कोदिगोरोहून फेर्राराला आगगाडी जाते. कधी गाडीऐवजी बदली बस सोडतात आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी वेळापत्रक बघा.

आगगाडीत सायकल न्यायची तर प्रादेशिक गाड्या निवडा आणि वेळापत्रकात सायकलचं चिन्ह आहे का ते पाहा. सायकलचं वेगळं तिकीट साधारण साडेतीन यूरोला मिळतं. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. वेगवान फ्रेच्चा गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत भरलेली किंवा घडी केलेली असेल तरच नेता येते.

आता सायकल. भाड्याने ३५ ते ४० मिमी टायरची साधी ट्रेकिंग सायकल घ्या. बारीक टायरची रेसिंग सायकल बांधावरच्या खडीत हाताला हादरे देते. हवा ३.५ बार पुरे, म्हणजे साधारण ५० पीएसआय. ताब्यात घेताना ब्रेक तपासा: आपल्याकडे पुढचा ब्रेक बहुतेक उजव्या हाताला असतो, तिथे डाव्या. सवयीने डावा करकचून दाबलात तर पुढचं चाक अडकून हँडलवरून पडाल. रिकाम्या मैदानात दहा वेळा थांबून हाताला सवय लावा. आणि वाहतूक उजवीकडून. चूक होते ती गजबजलेल्या रस्त्यावर नाही, तर कॉफी पिऊन रिकाम्या रस्त्यावर पुन्हा निघताना.

पंक्चरचं मुख्य कारण तुमच्या ओळखीचं आहे: सराटा. आपल्या माळावरचा तोच काटा उत्तर इटलीतही उन्हाळ्याच्या शेवटी बांधाच्या कडेच्या कोरड्या खडीत पसरलेला असतो. सायकल गवतात आडवी टाकू नका, कडेवरून ढकलत नेऊ नका. काटा ट्यूबमधून निघाला तरी त्याचं टोक टायरमध्ये राहतं आणि नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. म्हणून टायर आतून कापडाने पूर्ण चाचपा, बोटाने नको. प्रत्येकी दोन ट्यूब, ठिगळांचा एक संच, तीन टायर लिव्हर आणि व्हॉल्व्हला बसणारा पंप. पंप दुकानातच लावून बघा, कारण बारीक आणि जाड असे दोन्ही व्हॉल्व्ह तिथे दिसतात.

माणशी दीड लिटर पाणी घेऊन निघा. गावात फोन्तानेल्ला म्हणजे सार्वजनिक नळ असतात. ते नसतील तर गावाबाहेरच्या कबरस्तानात नळ जवळजवळ नक्की सापडतो. 'नॉन पोताबिले' लिहिलं असेल तर ते पिऊ नका. छोट्या गावांत दुकानं साडेबारा ते साडेतीन बंद, रविवारी दुपारी तर सगळंच. दुपारचं खाणं सकाळी अकराच्या आत पिशवीत हवं.

शाकाहारी असाल तर एवढं लक्षात ठेवा: भोपळ्याचं सारण भरलेला कप्पेल्लाच्ची दी झुक्का हा फेर्राराचा खास पदार्थ, पण तो 'बुर्रो ए साल्विया', म्हणजे लोणी आणि सेजच्या पानांत मागा. 'रागू' म्हणजे मांसाचा रस्सा. फेर्राराचा पीळदार पाव, कोप्पिया, यात डुकराची चरबी असते; पियादिना नावाच्या पोळीतही बऱ्याचदा. 'सेन्झा स्त्रुत्तो', म्हणजे चरबीशिवाय, असं विचारा.

कायद्यातलं मोजकं: गावाबाहेर एकामागे एक चालवा. घंटी हवी. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने आणि बोगद्यात परावर्तक जाकीट सक्तीचं. आपत्कालीन क्रमांक ११२.

पाचवा दिवस काढता आला तर पेस्किएरा देल गार्दा ते मान्तोवा, मिन्चो नदीकाठचा सुमारे ४५ किमीचा सायकलमार्ग करा. पेस्किएरा मिलान-व्हेनिस लोहमार्गावर आहे. दिशा तीच ठेवा, पाण्यासोबत किंचित उताराची. वाटेत बोर्गेत्तोच्या पाणचक्क्या लागतात. हा मार्ग रविवारी कुटुंबांनी भरलेला असतो, म्हणून मंगळवार-बुधवार निवडा.