स्लीप या तिघांच्या अमेरिकन मेटल बँडचं ‘डोपस्मोकर’ हे 63 मिनिटांचं गाणं एका दमात रेकॉर्ड केलं होतं का?

नाही. आणि तसं करायचं मनात आणलं असतं तरी टेपने ते होऊ दिलं नसतं.

हे रेकॉर्डिंग 1996 सालचं, कॅलिफोर्नियातलं, निर्माता बिली अँडरसन. स्टुडिओत मल्टीट्रॅकसाठी (प्रत्येक वाद्य टेपच्या वेगळ्या पट्टीवर नोंदवण्यासाठी) वापरतात ते टेपचं रील साधारण 2500 फुटांचं असतं. सेकंदाला 15 इंच वेगाने चालवलं तर 33 मिनिटांत संपतं, 30 इंचांनी चालवलं तर त्याच्या निम्म्यात. तासाभराचं गाणं त्यात मावणार कसं? म्हणून ते तीन भागांत वाजवून नंतर जोडलं गेलं.

आता तुकड्यांत वाजवायचं म्हटल्यावर काम हलकं झालं असं वाटेल, पण खरी मेख सांध्यातच असते. लय इतकी संथ की ड्रमर केसभर जरी पुढेमागे झाला तरी लगेच कानाला कळतं. ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) व्हॉल्व्हचा सूर, ड्रमचा ताण, अगदी वाजवणाऱ्याच्या हाताचं वजनसुद्धा मागच्या भागाशी जुळायला हवं. सिम्बलचा नाद तर बराच वेळ रेंगाळतो, तो मध्येच तुटला की चोरी पकडलीच. त्यामुळे नवा भाग थेट सुरू करून चालत नाही. आधीच्या भागाचं शेपूट पुन्हा वाजवत त्यात शिरावं लागतं. त्यात कडवं-धृपद असा आधारही नाही. तोच रिफ (गिटारची छोटी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) किंचित बदलून पुन्हा पुन्हा येतो, कितवं आवर्तन चाललंय हे तिघांनाही डोक्यात ठेवावं लागतं. गायक-बेसवादक अल सिस्नेरोस गायला लागेपर्यंतच आठेक मिनिटं निघून जातात!

आवाजाबद्दलही गैरसमज फार. लोकांना वाटतं, गिटारचा आवाज बदलणारी चार पेडल घेतली की झालं. मला विचाराल तर निम्मं काम खाली उतरवलेल्या तारा करतात (बँडचा गिटारवादक मॅट पाईकची गिटार सी या खालच्या स्वरापर्यंत उतरवलेली असते) आणि उरलेलं करतो खच्चून चढवलेला ॲम्प. क्युस या दुसऱ्या बँडच्या जॉश होमीने तर गिटार बेसच्या ॲम्पमधून वाजवून तो वाळवंटी घुमारा काढला. एवढ्या आवाजात सगळे एकाच खोलीत वाजवत असतील, तर ड्रमच्या माइकमध्ये गिटार शिरतेच. मग एकाची चूक एकट्याची राहत नाही, तिघांना पुन्हा उभं राहावं लागतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. बँडची रेकॉर्ड कंपनी लंडन रेकॉर्ड्सने हा अल्बम (म्हणजे हेच एक गाणं) काढायला नकार दिला आणि बँड फुटला. 1999 मध्ये ‘जेरुसलेम’ नावाने 52 मिनिटांची, सहा ट्रॅकमध्ये चिरलेली आवृत्ती आली. 63 मिनिटांची ‘डोपस्मोकर’ टी पी रेकॉर्ड्सने 2003 मध्ये काढली.

सांधे शोधायला मी हेडफोन लावून बसलोय. एक-दोन जागी संशय येतो, पण छातीठोकपणे बोट ठेवता येत नाही. तुम्हालाही शोधायचे असतील तर ‘जेरुसलेम’ घेऊ नका. तिथे ट्रॅक बदलला की कान उगाच सावध होतो, आणि ती जागा रेकॉर्डिंगच्या सांध्याचीच असेल असं नाही.