आधी लेख वाच, मग कॅमेरा काढ

प्रिय पोरी,

तू पाठवलेले फोटो काल रात्री लॅपटॉपवर मोठे करून नीट बघितले. हात चांगलाय तुझा, फ्रेमिंग जमतं, कबरस्तानातल्या त्या मोठ्या झाडाची सावली तू जशी दगडावर पकडलीस तशी पकडायला लोकांना वर्षं लागतात. पण सगळे फोटो बघून झाले तरी मला एकाही माणसाचं नाव कळलं नाही. धुकं आहे, वाकडा झालेला क्रॉस आहे, एकात कावळासुद्धा आहे, सगळं ब्लॅक अँड व्हाइट, पण थडगं कुणाचं, कधीचं, दगड कुठला, लेख म्हणजे दगडावर कोरलेला मजकूर कुठल्या बाजूला, काहीच नाही. तू मूडचे फोटो काढतेयस. मूड काढू नये असं नाही म्हणत मी, पण थडगं म्हणजे कुणाचा तरी शेवटचा पत्ता असतो गं, आणि पत्ता वाचता येत नसेल तर मग त्या फोटोत त्या माणसाचं काय राहिलं?

तुला हे सगळं आपल्या नाशिकच्याच उदाहरणावरून सांगते. शरणपूरला मिशनची वस्ती होती हे तुला माहीत असेल, एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे ठेवली, शिकवली. त्यातलाच एक जेकब वेनराइट, पुढे आफ्रिका पालथी घालणाऱ्या स्कॉटिश मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात त्याच्यासोबत होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आताच्या झांबियात वारला, तेव्हा सोबतच्या माणसांनी त्याचं काळीज काढून एका झाडाखाली पुरलं, देह उन्हात वाळवला आणि शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत नेला. त्या झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली ती जेकबने. नाशिकला शिकलेल्या पोराने. दुसऱ्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटीसोबत चालणाऱ्यांत तो होता. आता यातली तुझ्या कामाची गोष्ट बघ. खोडावर त्याने ४ मे कोरलंय, आणि पुस्तकांत बहुतेक ठिकाणी १ मे सापडतं. तू तिथे असतीस तर काय लिहून घेतलं असतंस? जे कोरलंय तेच, अक्षर न् अक्षर, स्पेलिंग चुकलेलं असलं तरी चुकलेलंच. दुरुस्ती वहीत खाली वेगळी लिहायची. ते झाड आता तिथे नाही, खोडाचा कोरलेला तुकडा कापून लंडनला नेला, म्हणून मजकूर राहिला.

दगडसुद्धा टिकत नाही आणि चित्रसुद्धा टिकेलच असं नाही. रॉबर्ट गिलचं माहितीये का तुला? मद्रास आर्मीतला अधिकारी, १८४४ ला त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला नेमलं आणि तो तिथलाच झाला, वर्षानुवर्षं लेण्यांत बसून मोठमोठ्या कॅनव्हासवर ऑइलमध्ये नकला केल्या, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. माणसाने पुन्हा सुरुवात केली. कॅमेराही हातात घेतला होता त्याने, लेण्यांचे स्टिरिओ फोटो काढलेत. १८७९ ला तो गेला, थडगं भुसावळला आहे, आणि त्याच्या सोबतिणीचं, पारोचं, अजिंठा गावात. नाशिकरोडवरून भुसावळची गाडी पकडायची आणि जाऊन यायचं, हे मी तुला आग्रहाने सांगतेय. दुसऱ्यांची चित्रं वाचवण्यात आयुष्य घातलेल्या माणसाचं थडगं काढताना हात आपोआप सावकाश चालतो.

आता कामाचं बोलू. सगळ्यात आधी दिशा. कबरस्तानात शिरलीस की फोन काढून आधी कंपास बघ. ख्रिश्चन थडग्यात साधारणपणे डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला असतात, आपल्याकडच्या मुस्लिम कबरी उत्तर-दक्षिण असतात म्हणजे कुशीवर वळवलेल्या माणसाचा चेहरा पश्चिमेला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला येतो, आणि गोसावी, नाथ, लिंगायत यांच्यात बसवून समाधी देतात म्हणून वरचं बांधकाम आडवं लांब न होता चौथऱ्यासारखं होतं. हे कळलं की कुठल्या वेळी जायचं ते निम्मं ठरतं. पूर्वेकडे तोंड असलेला लेख सकाळी वाचायचा, पश्चिमेचा संध्याकाळी. उत्तरेकडच्या लेखाने सगळे वैतागतात, कारण थंडीत सूर्य दक्षिणेला असतो आणि त्या बाजूला ऊन म्हणून पडत नाही. त्यासाठी मे-जून. तेव्हा सूर्य उगवतो आणि मावळतो तोच उत्तरेकडे सरकून, आणि आपलं नाशिक वीस अक्षांशावर असल्यामुळे मेच्या विसाव्या-एकविसाव्या तारखेनंतर काही आठवडे तर भर दुपारीसुद्धा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणजे ऊन उत्तरेकडच्या उभ्या दगडावरून वरून खाली अगदी घासत उतरतं आणि झिजलेलं अक्षर न् अक्षर उठून येतं. उकडतं खूप, टोपी घाल, पाणी ने, पण तो उजेड सोडू नकोस.

तेवढं थांबता येत नसेल तर आरसा. साधा हातातला आरसा, एकाने उन्हात उभं राहून कवडसा लांबून तिरका दगडावर टाकायचा. तुतनखामेनच्या थडग्याचे फोटो काढणारा हॅरी बर्टन इजिप्तमधल्या अंधाऱ्या थडग्यांत असाच आरशांनी ऊन आत न्यायचा आणि एक्सपोजर चालू असताना रिफ्लेक्टर हलवत राहायचा, म्हणजे कुठे डाग पडत नाही आणि भिंत सारखी उजळते. समोरून फ्लॅश मारलास की अक्षरं सपाट होऊन मेलीच समज. संध्याकाळी टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून धरली तरी चालतं, चारही बाजूंनी एकेक फोटो घे, जे उजवीकडून दिसत नाही ते डावीकडून दिसतं.

आणि दगडाला हात लावायचा नाही. खडू चोळायचा नाही, पीठ नाही, तेल-पाणी ओतायचं नाही, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडायचं नाही. हे मी रागाने लिहितेय, कारण अक्षरं छान दिसावीत म्हणून खडूने भरलेला लेख बघितलाय मी आणि भरणाऱ्याने दोन अक्षरं चुकीची भरली होती, आता येणारा प्रत्येक जण तेच चुकीचं वाचतो. वाळलेलं पान बोटाने बाजूला केलंस एवढं बास.

जुन्या इंग्रजी थडग्यांत संगमरवरी पाटीवर शिशाची अक्षरं बसवलेली असतात ना, ती जवळून बघ कधीतरी. अक्षर पक्कं बसावं म्हणून आधी दगडात अक्षराचा खाचा करून त्यात बारीक भोकं पाडलेली असतात आणि मग शिसं ठोकून बसवतात. काही वर्षांनी शिसं गळून पडतं, किंवा लोक काढून नेतात, आणि लांबून पाटी कोरी दिसते. कोरी नसते. गुडघ्यावर बस, डोळा पाटीच्या पातळीला आण, भोकं दिसायला लागतील, एका सरळ रेषेत दोन-तीन भोकं आणि वर एक असं काहीतरी, ती वहीत ठिपक्यांनी उतरवून घे आणि घरी येऊन ठिपके जोड. फोटोत हे येत नाही, आलं तरी लक्षात येत नाही. पेन्सिल हातात असली की डोळा थांबतो आणि थांबला की दिसतं. म्हणून माझा हट्ट असतो की आधी स्केच, मग फोटो. हॉवर्ड कार्टर इजिप्तला पहिल्यांदा गेला तो सतरा वर्षांचा पोरगा होता, १८९१ साल, आणि काम काय तर बेनी हसनच्या थडग्यांतली भिंतीवरची चित्रं कागदावर उतरवणं. त्याला तुतनखामेनचं थडगं सापडलं ते १९२२ ला. मधल्या एवढ्या वर्षांची नजर त्या उतरवण्यातून आलीय असं मला मनापासून वाटतं.

वीरगळांबद्दल, म्हणजे लढताना गेलेल्या वीरांच्या आठवणीच्या कोरीव शिळांबद्दल, तू विचारलं होतंस. खाली माणूस पुरलेला असेलच असं नाही, पण तुझ्या विषयात त्या याव्यातच. सिन्नर, चांदवड कुठेही जा, मारुतीच्या पाराला टेकवलेली एखादी असतेच. खालून वर वाचायची, खाली लढाई, मध्ये वीराला अप्सरा घेऊन चाललेल्या, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. शेजारी काटकोनात वाकलेला बांगड्यांचा हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. गंमत अशी की लोकांना वरचा देवाचा भाग आवडतो म्हणून तोच काढतात आणि खरी माहिती सगळी खालच्या कप्प्यात असते, तो घोड्यावर आहे का पायी, समोर गुरं आहेत का, हातात तलवार की धनुष्य. गुरं असतील तर जनावरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना गेलेला माणूस. बोरिवलीजवळ एक्सरला तर चक्क जहाजांची लढाई कोरलीय. खालचा कप्पा बऱ्याचदा जमिनीत गेलेला असतो, तेव्हा उकरायला जाऊ नकोस, गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोल, ते सांगतात पूर्वी कुठे होता आणि कुणी हलवला, ते लिहून घे, कारण हलवलेला दगड फोटोत कळत नाही.

रंगांचं थोडक्यात. जलरंगांच्या पेटीतला काळा रंग काढून ठेव. आपला बेसॉल्ट काळा नाहीच मुळी, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ओलं असताना कागदावरच मिसळू दे, कुठे तांबूस राहील कुठे निळसर, तोच आपला दगड. दगडफुलाचे पांढुरके गोल आधीच कागद सोडून राखायचे, नंतर पांढऱ्याने ठिपके द्यायचे नाहीत. शेंदूर मात्र जाड आणि अपारदर्शक येऊ दे, त्याला तेलाची चकाकी असते. पाऊस संपता संपता जा, शेवाळ हिरवंगार असतं. आणि मोठे घुमट नंतर. बीबी का मकबरा काढणं त्यामानाने सोपं आहे, इमारतच सगळं काम करते. खुलताबादला औरंगजेबाची कबर बघ, उघड्यावर, माती आणि वर रोप, बाजूची संगमरवरी जाळी खूप नंतरची. एवढीशी माती आणि एवढा मोठा बादशाह, हे नाटकी न करता कागदावर आणून दाखव.

याहून जुनं बघायचं असेल तर इनामगावचं वाच. डेक्कन कॉलेजने खणलं ते, तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्यांना उत्तर-दक्षिण आडवं ठेवायचे आणि घोट्याखालची पावलं काढून टाकलेली. का, यावर अभ्यासक अंदाज बांधतात, परत येऊ नये म्हणून असेल वगैरे. तू अशा हाडांचं चित्र काढशील तेव्हा ती कुणाची तरी आई होती एवढं डोक्यात ठेव आणि सांगाड्याला भयानक करू नकोस. लोणावळ्याजवळ भाज्याच्या लेण्यांत गेलीस तर चौदा छोटे स्तूप आहेत, पाच कपारीत आत आणि नऊ बाहेर, तिथेच राहून गेलेल्या भिक्खूंचे, काहींवर नावं कोरलीत. मला ते अजिंठ्याइतकेच जवळचे वाटतात.

माणसांशी वागणं हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या नाशकात बडी दर्ग्यात जाशील तर डोक्यावर ओढणी, चपला बाहेर, आणि मुजावरांना विचारल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीला पौष वद्य एकादशीच्या गर्दीत जाऊ नकोस, गेलीस तर दर्शन घे आणि फोटोचं विसर. रामकुंडावर दशक्रिया चालू असते तिथे लेन्स वळवायची नाही, कितीही चांगली फ्रेम दिसली तरी. कुणाचा तरी बाप गेलेला असतो. पांडवलेण्यासारख्या पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, आणि देवळाली कॅम्पात तर लष्करी हद्द आहे, आधी विचारूनच जायचं, ड्रोन बिन डोक्यातून काढून टाक. कुणी हटकलं तर वाद घालू नकोस, वही उघडून स्केच दाखव. वहीतलं चित्र बघून लोक जेवढे खुलतात ना तेवढे कॅमेरा बघून कधीच नाही, उलट तेच सांगायला लागतात की मागे अजून एक जुनी कबर आहे चला दाखवतो.

तुझे फोटो कुणाच्या कामाचे असं तू विचारलंस. परदेशातून माणसं आजही आपल्या पणजोबाचं थडगं शोधतात, भारतातल्या अशा कबरस्तानांच्या नोंदी ठेवणारी बाक्सा नावाची संस्थाच आहे इंग्लंडात. पहिल्या महायुद्धात आपल्याकडे गेलेल्या आणि गावोगावच्या कबरस्तानांत पुरलेल्या कित्येक सैनिकांची नावं आता पुण्याला खडकीच्या स्मारकावर आहेत, कारण मूळ थडगी सांभाळणं शक्य राहिलं नाही. आणि फक्त गोऱ्यांचंच नाही, आपल्या गंगेवरचं, म्हणजे गोदावरीवरचं, कपूरथळ्याच्या राजाचं स्मारक घे, विलायतेला निघालेला राजा १८७० ला वाटेत एडनजवळ वारला आणि अंत्यसंस्कार इथे झाले. रोज तिथून गाड्या जातात, किती जणांना माहितीये?

तर पुढच्या वेळी एवढे फोटो पाठवू नकोस. एकच थडगं घे. एक फोटो लांबून, आजूबाजूचं झाड भिंत रस्ता दिसेल असा, एक सरळ समोरून आणि कॅमेरा दगडाच्या पातळीला धरून, एक लेखाचा तिरक्या उजेडात, आणि स्केचचा एक. कशाशेजारी तरी पट्टी किंवा पेन ठेव म्हणजे माप कळेल. फाईलच्या नावात गाव, तारीख, दिशा आणि नाव, नाव वाचता आलं नाही तर जेवढी अक्षरं दिसली तेवढीच. रंगीतच पाठव, ब्लॅक अँड व्हाइट नंतर तुझ्यासाठी कर. गणपती झाले की पाऊस ओसरेल, शरणपूरला सकाळी सातला मी येईन सोबत, आरसा मी आणते.

तुझी,
मावशी