शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आणि थायलंडची भटकंती

पुण्यात खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट असणार हे तुला न विचारता कळतं. थायलंडमध्ये ती ओळख नसते, म्हणून आधी पदार्थ शिकून घे. पाद थाईवर (परतलेल्या नूडल्स) भरडलेले दाणे असतात, साते सॉसमध्ये (भाजलेल्या मांसाच्या काड्यांसोबतची चटणी) आणि मस्समान करीत दाणे असतात, सोम तामच्या (कच्च्या पपईची कोशिंबीर) खलबत्त्यातही पडतात. दुकानदाराने तुझ्यासाठी दाणे वगळले तरी खलबत्ता तोच, कढई तीच. मी तरी अशा गाडीवर खाऊ देणार नाही. भूक लागली असेल तर भात, उकडलेली अंडी आणि स्वतः सोललेली फळं खा.

शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असल्याचं थाई लिपीत छापलेलं कार्ड जवळ ठेव आणि ते थेट स्वयंपाक करणाऱ्याला दाखव. वेटरने नुसती मान हलवली म्हणून विसंबू नकोस.

निघण्याआधी इथल्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडून अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन (तीव्र अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं औषध) आणि चिठ्ठी घे, मांडीत टोचायचा सराव कर. ते कायम अंगावरच्या पिशवीत हवं, बसच्या डिकीत नाही. घसा आवळला, श्वास लागला तर सेट्रिझिनची (अ‍ॅलर्जीची गोळी) वाट बघू नकोस, आधी अ‍ॅड्रेनलिन. मग 1669 ला, म्हणजे थायलंडच्या तातडीच्या वैद्यकीय मदतीच्या क्रमांकाला फोन. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण त्रास काही तासांनी परत उलटू शकतो. सोबतच्यांनाही हे सगळं शिकव.