फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी डायनोवर चढवावी का?

प्रश्न : माझी बीएमडब्ल्यू एम३४०आय एक्सड्राइव्ह आहे. ट्यूनिंगच्या आधी आणि नंतर डायनोवर (रोलरवर चाकं फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणी करायची आहे. मित्र म्हणतो, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग) जाईल. गॅरेजवाले म्हणतात, काही होत नाही, मागची चाकं तेवढी रोलरवर घेऊ. खरं काय? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : मागचीच चाकं रोलरवर घ्यायला साफ नकार द्या. तुमच्या गाडीत पुढच्या चाकांना ताकद देणारा मल्टिप्लेट क्लच ट्रान्सफर केसमध्येच असतो. मागची चाकं फिरताहेत आणि पुढची थांबलेली, हे दिसताच यंत्रणा समजते की मागची घसरली, आणि क्लच आवळते. मग गाडी रोलरवरून पुढे झेपावते. पट्ट्यांनी धरून ठेवली, तर क्लचच्या प्लेटा घासून जळतात.

चारही चाकांचा डायनो हवा, आणि त्याचे पुढचे-मागचे रोलर जोडलेले हवेत, शाफ्टने किंवा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने. हा प्रश्न आधीच विचारा. रोलर सुटे असतील तर जोर लावताना दोन्हींच्या वेगात फरक पडतो आणि क्लच घसरत राहतो. जुन्या व्हिस्कस कपलिंगच्या (घट्ट सिलिकॉन द्रवातून ताकद देणाऱ्या जोडणीच्या) गाड्यांत अशाच फरकाने आतलं सिलिकॉन तापून कपलिंग आवळलं जातं. टायरचंही तेच. पुढच्या-मागच्या नक्षीत ३ मिमीचा फरक म्हणजे व्यासात ६ मिमी, जवळजवळ १ टक्का, आणि चाकांच्या वेगातही तेवढाच फरक. गाडीचा रोलर मोड (डायनोसाठीची खास सेटिंग) चालू करून घ्या. ट्रॅक्शनचं बटण दाबणं पुरेसं नाही.

गिअर १:१ चाच (इंजिन आणि गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात तो) हवा, हा हट्ट इथे नको. तुमच्या ८-स्पीड गिअरबॉक्समध्ये तो सहावा, आणि त्यात रेडलाइन (इंजिनच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा) गाठण्याआधीच गाडीची इलेक्ट्रॉनिक वेगमर्यादा आडवी येते. चौथा किंवा पाचवा घ्या. दोन्ही वेळी तोच.

मुंबईत खरी भीती उष्णतेची. उभ्या गाडीला वारा लागत नाही आणि या इंजिनचा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा भाग) पाण्याचा आहे, म्हणून मोठा पंखा समोरच्या रेडिएटरवरच हवा. एक पुल (पूर्ण जोर लावून केलेली एक मोजणी) १०-१५ सेकंदांचा, असे तीन. मध्ये इंजिन चालू ठेवून ३-५ मिनिटं थंड होऊ द्या. आत जाणाऱ्या हवेचं तापमान प्रत्येक पुलच्या सुरुवातीला सारखं असावं. नाहीतर ईसीयू (इंजिनचा संगणक) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि आकडा पडतो. लोक त्याचं खापर ट्यूनवर फोडतात. पेट्रोलही दोन्ही वेळी एकाच ऑक्टेनचं भरा.

पट्ट्या टो-हुक किंवा सबफ्रेमला, सस्पेन्शन आर्मला नव्हे. खड्ड्यांमुळे रिम वाकली असेल किंवा टायरच्या बाजूला फुगा असेल तर गाडी चढवूच नका; १८० च्या वेगाला तो टायर फुटू शकतो. पावसाळ्यात टायर पुसून कोरडे करा.

छापील आकडा कोणता, तेही विचारा. एसएई (वाहन अभियंत्यांची संघटना) दुरुस्ती आकडा २५ अंशांच्या हवेवर आणते, पण टर्बोचा ईसीयू ठरलेला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) स्वतःच राखत असल्याने मे महिन्यातला दुरुस्त आकडा फुगलेला निघू शकतो. न दुरुस्त केलेलाही मागून घ्या.

प्रश्न : हॅल्डेक्सचा (मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्लचचा) फ्यूज काढून दोन चाकांच्या डायनोवर चालेल का? (एक वाचक, वाशी)

उत्तर : क्लच सुटतो, पण मागची चाकं थांबलेली पाहून ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) थ्रॉटल कापू शकते. मग आकड्यावर भरवसा राहत नाही.