सिनेमातल्या नायकाला एकच गोष्ट हवी असते, आपलं तसं का नसतं?

कारण पटकथेला दोन-अडीच तास मिळतात आणि इच्छा कॅमेऱ्याला दिसावी लागते. 'त्याला मान हवाय' हे दाखवता येत नाही. 'शुक्रवारच्या आत गहाण पडलेलं दुकान सोडवायचंय' हे येतं. वर मुदत, आड येणारा माणूस.

खऱ्या आयुष्यात कसली मुदत! आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळकेच घ्या. चित्रकला, गोध्र्यात फोटोग्राफी, पुढे छापखाना, मधेच जादूचे प्रयोग. मग ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं. पटकथाकार गोष्ट त्या मूकपटापासूनच सुरू करणार, आधीची वर्षं फार तर दोन प्रसंगांत उरकणार. मला विचाराल तर गोध्र्याचा फाळके जास्त इंटरेस्टिंग, पण त्याच्यावर पैसे लावणारा निर्माता शोधून दाखवा!