लेझरवरचे नकाशाचे कोस्टर: तुमचे प्रश्न

कोस्टरवर (कपाखाली ठेवायच्या तुकड्यावर) नकाशा कोरायला गूगल मॅप्सचा स्क्रीनशॉट लेझर मशीनला दिला, तर सगळं गिचमीड आलं. काय चुकलं?

स्क्रीनशॉट घेतला तिथेच गाडी चुकली. तो नुसता ठिपक्यांचा फोटो असतो, रस्ता कुठला आणि रस्त्याचं नाव कुठलं हे सॉफ्टवेअरला कळायचं कसं, ते बिचारं दिसेल ते जाळत सुटतं. शिवाय तो नकाशा कॉपीराइटचा, विकायच्या वस्तूवर तर नकोच. त्याऐवजी ओपनस्ट्रीटमॅप हा सगळ्यांसाठी खुला असलेला नकाशा उघडा, शेअरमधून एसव्हीजी फाइल घ्या (हिच्यात ठिपके नसतात, प्रत्येक रेघ सुटी असते) आणि इंकस्केप या चित्रं काढायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

आता डिलीट करायला बसा, खरं काम हेच आहे. एका रस्त्यावर क्लिक करून ‘सिलेक्ट सेम’मधून स्ट्रोक कलर (रेघेचा रंग) निवडला की त्या प्रकारचे सगळे रस्ते एकदम हाताशी येतात. गंमत म्हणजे तिथे बरेचसे रस्ते दोनदा काढलेले असतात, खाली जाड गडद रेघ आणि वर फिक्या रंगाची, म्हणून खालची उडवली नाही तर लेझर एकाच रस्त्यावरून दोनदा फिरतो. दुकानांची चिन्हं, पार्किंग, इमारती, नावं, सगळं काढा. मोठे रस्ते, नदी किंवा किनारा, रेल्वे आणि ज्या जागेसाठी कोस्टर करताय ती जागा, एवढं बास. इथे लोकांचा हात धजत नाही, आमची गल्ली दिसलीच पाहिजे म्हणतात. अहो मग ती एक ठेवा की, शेजारच्या सगळ्या कशाला?

आणि मागच्या बाजूला किंवा पॅकिंगवर ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय द्या, लायसन्सची अट आहे ती.

एका कोस्टरवर किती एरिया घ्यावा? मला अख्खं शहर हवंय.

हिशोब करून बघा. कोस्टर 100 मिलिमीटरचा आणि त्यावर 2 किलोमीटर बसवले तर स्केल 1:20,000, म्हणजे 10 मीटर रुंदीचा रस्ता अर्ध्या मिलिमीटरचा, छान दिसतो. तेच 10 किलोमीटर कोंबले तर तो रस्ता 0.1 मिलिमीटरवर येतो, बऱ्याच मशीनचा लेझरचा ठिपकाच तेवढा असतो, मग रेघ एकतर गायब नाहीतर शेजारणीला चिकटलेली. माझं मत विचाराल तर 2 ते 4 किलोमीटर. अख्खं शहरच हवं असेल तर फक्त हमरस्ते आणि पाणी ठेवा, आणि रेघांची जाडी खऱ्या रुंदीवरून न ठरवता स्वतः द्या, मोठ्यांना 0.8, मधल्यांना 0.5, आणि 0.3 च्या खाली जाऊच नका.

माझ्याकडे निळा डायोड लेझर आहे. मटेरियल कुठलं घेऊ?

3 मिलिमीटरचा प्लाय, कॉर्क किंवा स्लेट (पाटीचा दगड). एमडीएफ (लाकडाच्या भुश्शाचा दाबलेला बोर्ड) कापायला सोपा पण पाणी प्यायला की फुगतो, कोस्टरला काय कामाचा. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून निळा प्रकाश आरपार निघून जातो, त्याला सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा) लेझर लागतो. स्लेट डायोडने कापता येत नाही, तयार कापलेलीच घ्यायची, आणि लाकडावर जळलेला भाग गडद होतो तर स्लेटवर पांढुरका. म्हणून लाकडावर नदी भरून जाळली की मस्त दिसते, स्लेटवर मात्र नुसता काठच काढलेला मला आवडतो.

रेक्झिन, विनाइल, पीव्हीसी असलं काहीही मशीनखाली घालायचं नाही. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, फुप्फुसं आणि मशीन दोन्हीची वाट लागते. गॉगल तुमच्या लेझरच्या वेव्हलेंग्थचाच (प्रकाशाच्या तरंगलांबीचा) हवा, आणि मशीन चालू ठेवून दुसरीकडे जायचं नाही.

चार कोस्टर जुळवून एक नकाशा करायचाय, पण रस्ते जोडावर सरकतात.

चारही वेगवेगळे ठेवून कोरत असणार तुम्ही. 200 मिलिमीटरच्या एकाच तुकड्यावर अख्खा नकाशा आधी कोरा आणि मग, तुकडा जागचा न हलवता, चार भाग कापा. कापताना लेझर साधारण 0.1 ते 0.2 मिलिमीटर लाकूड खातो, ते डोळ्याला कळत नाही. लाकडाच्या रेषासुद्धा चौघांवर सलग येतात हा वरचा फायदा. कोपरे गोल करू नका मात्र, मधोमध भोक पडल्यासारखं दिसतं.

रेघांच्या आजूबाजूला पिवळट धूर बसतो, तो कसा घालवू?

आधी मास्किंग टेप लावा, एअर असिस्ट (कोरतो तिथे हवा मारणारा झोत) चालू ठेवा. टेप काढणं हे वैतागवाणं काम आहे, दोन गल्ल्यांच्या मधले बारके तुकडे नखाने एकेक उचलावे लागतात, आणि तेव्हा कळतं की रस्ते कमी ठेवायला हवे होते. टेप नसेल तर 320 नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घासा, प्लायचा वरचा थर पातळ असतो.

फिनिश कुठलं?

पाण्यात मिसळणारं पॉलियुरेथेन (पारदर्शक वॉर्निश), पातळ दोन-तीन हात, कडा आणि मागची बाजू धरून, एकाच बाजूला लावलं तर कोस्टर वाकतो. शेलॅक (लाखेचं पॉलिश) नको, गरम कपाने पांढरं वर्तुळ उमटतं. खोल कोरलेल्या भागात ब्रश टोकाने फिरवा, तिथे फिनिश साचून राहिलं की रेघ चकाकते आणि बाकीचा नकाशा मॅट.