डोळ्यांसमोर वाघाचा हल्ला पाहिलेला माणूस महिने उलटले तरी नीट का होत नाही?

तुमच्या बाबांच्या डोळ्यांदेखत सोबत्याला वाघानं नेलं, बाबांना काही लागलं नाही, तरी सात महिने ते वावरात जात नाहीत आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मोठ्या भावाचं हेच झालं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, जंगलाला लागून. एप्रिलमधल्या एका पहाटे तो आणि शेजारचे काका मोहा वेचायला गेले. मोहा वाकून वेचावा लागतो, मागचं दिसत नाही. वाघाच्या हल्ल्यात काका गेले. भावाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. भरपाई वारसाला असते, जखमीला असते. ज्यानं नुसतं पाहिलं, त्याचं काय झालं हे कोणी विचारत नाही.

गाव म्हणालं, भेव घेतलं. पण भेव हळूहळू ओसरतं, याचं वाढत गेलं. रात्री दचकून उठायचा, मागे कोणी उभं राहिलं की खेकसायचा. जागल, म्हणजे रात्रीची पिकाची राखण, सोडली, मग दारू धरली. आम्ही अंगारा लावला, छातीत धडधडतं म्हणून ईसीजी काढला. पुढच्या चैत्रात आईनं अंगणात मोहा वाळत घातला, तर त्या वासानं तो घरात थरथरत बसला. म्हणाला, "मांगंच हाये तो."

हा पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा आजार. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याची वेगळा आजार म्हणून नोंद केली. पण तो फक्त सैनिकांना होत नाही. त्रास महिन्याहून जास्त टिकला तर डॉक्टर त्याचा विचार करतात.

तो ओळखू का येत नाही? कारण त्या प्रसंगाबद्दल बोलणं टाळणं हेच त्याचं एक लक्षण आहे. माणूस डॉक्टरला छाती सांगतो, झोप सांगतो, वाघ सांगत नाही. भावानं चार डॉक्टर केले, एकालाही सांगितलं नाही. शेजारी बसलेली मीही गप्प राहिले, त्याला त्रास नको म्हणून. ती माझी चूक.

तुम्ही बाबांना विचारून त्यांच्यासोबत जा आणि वाघाचा तो प्रसंग तुम्हीच डॉक्टरांना सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय विचारा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य फोनसेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. मुख्य उपचार म्हणजे तो प्रसंग जाणकारासमोर थोडाथोडा बोलणं. घरी मात्र खोदून विचारू नका.

भाऊ आता सोबत कोणी असलं तर दुपारी वावरात जातो. मोहा वेचायला अजून नाही.